क्लोनाराचा उष्टा घास

आयर्लंडच्या पश्चिमेला, दूव्ह नावाच्या काळ्या पाण्याच्या नदीकाठी, आमचं क्लोनारा गाव आहे. इथे लहान मुलाला घेऊन कुणाकडे जेवायला जाणार असाल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मुलापुढे ताट आलं की घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस उठतं, त्या ताटातला पहिला घास उचलतं आणि स्वतःच खातं. चावून, गिळून, तोंड रिकामं झालं की ताट मुलाकडे सरकवतं. मूल तोवर त्याच्या तोंडाकडे बघत बसलेलं असतं. मग ते जेवायला लागतं.

आपल्याकडून येणाऱ्या पाहुण्यांना हे पाहून कसंतरीच होतं. मागच्या उन्हाळ्यात माझ्या चुलतबहिणीची मुलगी वृंदा नाशिकहून आली होती, नवऱ्याला आणि लहानग्याला घेऊन. माझ्या सासूबाईंनी, नोरा त्यांचं नाव, पोराच्या ताटातला बटाट्याचा चांगला मोठा घास मटकावला आणि वृंदाचा चेहरा उतरला. "मावशी, यांना उष्टं-बिष्टं काही कळत नाही का गं?" ती हळूच म्हणाली. म्हटलं, "तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. जेवण होऊ दे, मग तुला बुरूज दाखवते."

त्या बुरुजाखाली उभी राहून मी पाहुण्यांना जे सांगते ते हे. मी मूळची कराडची, या गावची सून. गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या आजेसासऱ्यांनी. कुठल्या बखरीत ती नाही, कुठल्या ताम्रपटावर नाही. मी जात्याच शंकेखोर आहे. भाजीवाल्याने वर एक मिरची जास्त टाकली तर मला तराजूची शंका येते. त्यामुळे जिथे शंका येईल तिथे मी ती बोलून दाखवणार. गोष्टीला त्याने काही होत नाही, ती मुळी शंकेचीच आहे.

बुरूज नदीच्या अलीकडे आहे, चौकोनी, भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आडवा झोपेल. फार जुन्या काळी इथे रेमंड द मार्ल नावाचा सरदार राहत असे. त्याचे पूर्वज इंग्लंडहून तलवारीच्या जोरावर आले, त्यांनी अलीकडची सगळी काळी जमीन बळकावली आणि इथल्या मूळच्या ओ'हेरिन घराण्याला पलीकडच्या दलदलीत ढकललं. पिढ्या गेल्या तरी वैर गेलं नाही. हे त्यांची गुरं वळवून आणत, ते यांची. रेमंडचा जन्म इथलाच. त्यामुळे डब्लिनच्या इंग्रज दरबाराला वाटे हा आयरिश झाला, आणि आयरिश लोकांना वाटे हा इंग्रजच. दोन्हीकडचे त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत, आणि तो दोघांकडे.

रेमंडचा बाप म्हणे भर पंक्तीत पाहुण्याच्या हातून मारला गेला. रेमंड तेव्हा पोरगेला होता, बापाच्या शेजारीच बसलेला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागला. प्रत्येक घास आधी नोकराने खायचा, मग याने. निजायची खोली रोज वेगळी. पुढे लग्न झालं, मुलगा झाला, आणि मूल रांगत असतानाच बायको तापाने गेली. रेमंडचा त्या तापावरही विश्वास बसला नाही. त्याने स्वयंपाकघरातली सगळी माणसं हाकलली आणि नवी ठेवली, मग नव्यांवर नजर ठेवायला आणखी माणसं ठेवली.

मुलाचं नाव मायलो. एकुलता एक. बापाला रोज बघून ते पोर दुसरं काय शिकणार? बोलायच्या आधी ते बघायला शिकलं. वाटी समोर आली की चाखणाऱ्या नोकराकडे बघायचं, त्याने खाल्लं की त्याच्या पोटाकडे बघायचं, आणि शेवटी तोंड घट्ट मिटून घ्यायचं. चाखणारा चाकरी म्हणून चाखतो, हे त्याला कळत असावं. सात वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या बरगड्या कपड्यावरून दिसत. दाईने एक दिवस रेमंडला तोंडावर सांगितलं, "धनी, या घरात राहिलं तर हे पोर मरेल. याला विष घालायची कुणाला गरजच पडायची नाही."

आयरिश लोकांत तेव्हा एक चाल होती. मानाच्या घरातलं मूल जाणतं झालं की दुसऱ्या मानाच्या घरी वाढायला द्यायचं. आपल्या दत्तकासारखं नव्हे. नाव बापाचंच राहायचं, वारसाही बापाचाच, पण वाढणं, शिकणं, जेवणखाण त्या दुसऱ्या घरी. पाळणारे आईबाप अशा मुलासाठी जीव टाकत, आणि ज्या दोन घरांत असं मूल असे ती एकमेकांवर शस्त्र उचलत नसत. डब्लिनच्या दरबाराला हे सगळं डोळ्यांत सलायचं. आयरिश घरी मूल दिलं, त्यांची भाषा बोललात, त्यांच्यासारखं बिनखोगिराच्या घोड्यावर बसलात, तर जमीन जप्त, असा त्यांचा इंग्रज सरदारांना हुकूम होता.

पलीकडच्या घराण्याचा मुख्य होता डोनखा ओ'हेरिन. त्याची बायको साइव्ह. तिच्या हाताखाली वाढलेली परक्यांची पोरं सगळ्या मुलुखात धडधाकट हिंडत होती. रेमंडने बरेच दिवस विचार केला आणि मग गुपचूप निरोप पाठवला, की मूल तुमच्याकडे वाढायला देतो, वैर मिटवू. डोनखाने होकार दिला. गुरं राखून राखून तोही थकला असेल.

मे महिन्याच्या पहिल्या दिवशी नदीच्या उतारावर, जिथे पाणी गुडघाभर असतं, दोन्ही बाजू भेटल्या. पोराला आपण त्यांच्याच भाषेत सोपवायचं, असं रेमंडने ठरवलं होतं. ही भाषा तो तबेल्यात शिकला होता, मोतद्दारांकडून, आणि अर्धीकच्ची. आता ऐका. आयरिश भाषेत 'ग्युला' म्हणजे पोरगा. आणि 'गियल' म्हणजे ओलीस. करार मोडला की ज्याची मान जाते तो. रेमंडने मायलोचा हात डोनखाच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा माझा गियल."

आपल्याकडे 'ध'चा 'मा' कुणीतरी मुद्दाम केला. इथे कुणी काही केलं नव्हतं. नुसती जीभ वळली नाही.

पलीकडची माणसं एकमेकांकडे बघू लागली. आता कुणीही म्हणेल, अरे, विचारायचं की काय म्हणालास म्हणून. पण संशयी माणसाला ज्याची भीती असते तेच त्याला पहिल्यांदा ऐकू येतं, आणि मग तो पुन्हा विचारत नाही. डोनखाच्या मनात पाल चुकचुकली. हा मूल देत नाही, ओलीस देतोय. म्हणजे करार मोडायचं याने आधीच ठरवलंय, आणि त्यात पोराची मान गेली तरी याला चालणार आहे. तो एवढंच बोलला, "जसा दिलास तसा ठेवीन." रेमंडला हे शब्द फार गोड वाटले म्हणे.

ओलिसाची रीत वेगळी. त्याने घरच्यांच्या पंक्तीला बसायचं नाही, त्याची वाटी वेगळी, आणि पाठीशी कुऱ्हाड घेतलेला माणूस उभा. साइव्हने पहिल्याच संध्याकाळी हे पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "हा माणूस कशाला उभा केलाय?"

"पोर ओलीस आहे."

"पोर उपाशी आहे," साइव्ह म्हणाली.

मायलो पाण्याशिवाय काही घेईना. साइव्हने त्याला समजावलं नाही की दटावलं नाही. ती त्याच्या शेजारी जमिनीवर फतकल मारून बसली, त्याच्या वाटीतली ओटची लापशी बोटांनी उचलून खाल्ली, बोटं चाटली आणि लोकर पिंजत तिथेच बसून राहिली. पोर तिच्याकडे बघत राहिलं. लोकर पिंजून संपली तरी ती मेली नाही. तेव्हा त्याने वाटी जवळ ओढली. त्या दिवसापासून रोज तसंच. आधी साइव्हचा घास, मग त्याचा.

बापाच्या घरीही चाखणारा होताच की, मग फरक काय पडला, असं मी सासूबाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "नोकर भीत भीत खायचा. हिला भूक लागली होती." मला हे उत्तर अजून पुरतं पटलेलं नाही, पण दुसरं सुचतही नाही.

उन्हाळा सरता सरता वेगळी वाटी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. मायलो साइव्हला 'मुइमे' म्हणू लागला, म्हणजे पाळणारी आई. कुऱ्हाडवाला माणूस कुऱ्हाड भिंतीला टेकवून त्याला मासे धरायला शिकवू लागला. डोनखा हे सगळं बघायचा आणि न बघितल्यासारखं करायचा.

पण त्याआधीच, अगदी सुरुवातीच्या दिवसांत, एक गोष्ट घडून गेली होती. रेमंडचा कारभारी ऑस्बर्ट पोराचे कपडे पोहोचवायला पलीकडे जाऊन आला होता. परत येऊन त्याने सांगितलं, "धनी, पोराच्या पाठीशी कुऱ्हाड आहे. वाटी वेगळी आहे. त्यांनी त्याला ओलीस धरलंय."

रेमंडला नवल वाटलं नाही. त्याने आयुष्यभर हेच तर ऐकायची वाट पाहिली होती. उघड चालून गेलो तर करार मोडला म्हणून पोराची मान जाणार, हे त्याला माहीत होतं. मग त्याच्या डोक्यात दुसरा विचार आला. चालून न जाता डोनखाच संपला तर? मुख्य पडला की त्या गोंधळात पोराला उचलून आणता येईल. ओलीस पंक्तीला बसत नाही, मुख्याच्या ताटातलं त्याला कधीच मिळत नाही. म्हणजे पंक्तीत काहीही वाढलं तरी मायलोच्या जिवाला धक्का नाही. इथे मी नेहमी थोडी थांबते. सगळा हिशोब करून बसलेला बाप, आणि एवढंच त्याच्या मनात आलं नाही, की त्या घरात कुणीतरी एव्हाना रीत मोडली असेल.

सुगीच्या जेवणाला डोनखाने त्याला बोलावलं. रेमंडने सोबत गव्हाचा, मध घातलेला मोठा रोट नेला. आमच्या नदीकाठी आपल्या बचनागासारखी एक विषारी मुळी उगवते. अजूनही उगवते, गुरांना आम्ही त्या बाजूला जाऊ देत नाही. ती त्या रोटात होती. मुळी ऑस्बर्टने कुटली असं काही जण सांगतात. मला नाही तसं वाटत. असल्या कामात रेमंडने दुसऱ्यावर विश्वास टाकला नसता.

पंक्ती बसली. डोनखाने रोट मोडला. पहिला तुकडा स्वतः घ्यायचा सोडून त्याने हाक मारली, "मायलो, ये रे. तुझ्या बापाच्या घरचं आलंय." पोर पळत आलं. अंगाने भरलेलं, उन्हाने तांबूस झालेलं, केसांत गवत. रेमंडला क्षणभर ओळखच पटली नाही. ओळख पटली तेव्हा तुकडा पोराच्या हातात होता.

ओरडावं, तर भर सभेत विष घालणारा ठरणार, आणि करार मोडला म्हणून पोराचीही मान जाऊ शकते. गप्प राहावं, तर पोर डोळ्यांदेखत जाणार. रेमंड उभा राहिला, पण असं सांगतात की त्याच्या गळ्यातून आवाजच फुटेना. मायलोने तुकडा तोंडाला लावला नाही. रोजच्यासारखा त्याने तो साइव्हपुढे धरला. साइव्हने हसत मोठा घास घेतला. मग पोराने तुकडा स्वतःच्या तोंडाकडे नेला, आणि तेव्हा रेमंडला कंठ फुटला. त्याने झडप घालून तुकडा उडवला. तो काय म्हणाला, हे दोन्ही काठांवर सारखंच सांगतात. "ग्युला, माझा ग्युला." या खेपेला जीभ बरोबर वळली.

साइव्ह अंधार पडायच्या आत गेली.

जाण्याआधी जे झालं ते सांगायला हवं. डोनखाने भिंतीची कुऱ्हाड उचलली होती. करार मोडला होता. ओलिसाचा जीव आता त्याचा होता, आणि बापाचा तर होताच. साइव्हच्या ओठांवर निळसर छटा आली होती, पण पोराचा हात तिने सोडला नव्हता. ती म्हणाली, "इथे ओलीस कोण आहे? हे माझं पोर आहे." डोनखा रेमंडवर ओरडला, "ओलीस म्हणून तूच दिलास ना. तुझ्या तोंडाने म्हणालास." रेमंड म्हणाला, "मी पोरगा म्हणालो." "तू गियल म्हणालास." "मी ग्युला म्हणालो."

एक शब्द, आणि त्याच्यापायी ती बाई मरत होती. आमच्या गावात आजवर यावर दोन तट आहेत. अलीकडची घरं म्हणतात डोनखाचे कान चुकले, पलीकडची म्हणतात रेमंडची जीभ. माझं सासर अलीकडचं आहे, तरी मी जिभेच्या बाजूची आहे. परक्या भाषेत मी स्वतः काय काय बोलून बसले आहे ते मला ठाऊक आहे.

रेमंडने मान पुढे केली. डोनखाने कुऱ्हाड खाली ठेवली. त्याने दिलेला निवाडा गावात मुलांनाही पाठ असतो. "तू मरायचं नाहीस. माझ्या घरात या पोराच्या ताटातला पहिला घास घेणारी गेली. तिची जागा रिकामी आहे. रोज संध्याकाळी येऊन ती तू भरायचीस." दया म्हणून तो असं बोलला असं सांगतात. मला तसं वाटत नाही. विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतात. डोनखाने या माणसाला जन्मभर रोज तीच परीक्षा लावून दिली. त्या घरातल्या कुणाच्याही मनात आलं असतं, तर एक चिमूट पुरली असती.

दुसऱ्या संध्याकाळपासून रेमंड नदी ओलांडून यायला लागला. वाटीतला पहिला घास घ्यायचा, गिळायचा, वाटी पोरापुढे सरकवायची. मायलो त्याच्याकडे बघायचा आणि वाटीला हात लावायचा नाही. ज्याने विष आणलं तोच चाखून दाखवतोय, यावर कोण विश्वास ठेवणार? पोराने आता ज्यात कुणाला काही कालवता येणार नाही असंच खायला घेतलं. स्वतः कवच फोडून काढलेले रानातल्या हेझल झाडाचे दाणे, स्वतः तोडलेली सफरचंदं, गाईच्या आचळाला तोंड लावून दूध. त्याच्यावर त्याने हिवाळा काढायला घेतला.

मग रेमंडने आणखी एक केलं. परत जाताना तो वाटेतल्या घरांत शिरू लागला. जिथे मुलं जेवायला बसली असतील तिथे दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "पहिला घास मला द्या." अलीकडची कुळं नाही म्हणू शकत नव्हती. आया पोरांना शालीखाली घ्यायच्या. तो गेल्यावर ते अन्न डुकरांना टाकायच्या. पलीकडे तर दारंच लावून घेत. पण तो येतच राहिला. कुणी रांधलं, कशात रांधलं, हे त्याने एकदाही विचारलं नाही. पाणी फुंकून पिणारा हा माणूस. आणि त्याच्या मागून, अंतर ठेवून, मायलो चालायचा. कुणाच्या ताटातला घास बापाने घेतला ते बघायचा, आणि सकाळी जाऊन ती पोरं जिवंत आहेत का ते बघून यायचा. हळूहळू लोकांनी अन्न टाकायचं बंद केलं. पुढे पुढे तर रेमंडला उशीर झाला की मुलं ताटावर थांबून राहू लागली. मायलो मात्र खाईना.

हिवाळ्याच्या अखेरीस डब्लिनहून बोलावणं आलं. तुम्ही आयरिश घरी मूल दिलंत, त्यांच्या चुलीपाशी जेवता, असं कानावर आलंय. मे महिना लागायच्या आत दरबारात येऊन खुलासा करा, नाहीतर बुरूज आणि जमीन जप्त. हे कुणी कळवलं याचा पत्ता कधी लागला नाही. माझा संशय ऑस्बर्टवर आहे.

डब्लिनला जाऊन यायचं म्हणजे कित्येक दिवसांची वाट. ऑस्बर्टने घोडा तयार ठेवला. रेमंड म्हणाला, "तिकडे संध्याकाळी कोण जाईल?"

"धनी, तुम्ही जाऊनही पोर कुठे खातंय?"

"खात नाही," रेमंड म्हणाला, "पण मी येतो का ते बघतं."

तो गेला नाही. इकडे वसंत आला तसे हेझलचे दाणे संपले, सफरचंदं कुजली, गाय आटली. मायलोच्या बरगड्या पुन्हा दिसू लागल्या. तो आता बापाच्या मागे चालतही नव्हता, दारापाशी टेकून बसायचा. डोनखाच्या घरातल्या बायका कुजबुजू लागल्या, की हे पोर पुन्हा मे महिना बघणार नाही.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी दरबारची माणसं आली. त्यांनी बुरूज घेतला, तबेला घेतला, रेमंडच्या कमरेची तलवार आणि अंगावरचा झगासुद्धा घेतला. तो सदऱ्यानिशी बाहेर पडला. नदीला पाणी चढलं होतं. तो पायी उतरला आणि छातीपर्यंत भिजून पलीकडे गेला.

मायलो दारातच होता. आत जाऊन दोघं चुलीपाशी बसले. डोनखाने स्वतः लापशीची वाटी आणून ठेवली. रेमंडने रोजच्यासारखा हात पुढे केला, तर पोराने वाटी मागे ओढली.

"घोडा कुठे आहे?"

"नेला."

"बुरूज?"

"तोही."

"मग आता तुझ्याकडे काय आहे?"

"काही नाही," रेमंड म्हणाला.

पोर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलं. ज्याला मिळवायचं काही उरलं नाही आणि राखायचंही काही नाही, तो कशाला कुणाला विष घालेल? सासूबाई म्हणतात पोराला माया दाटून आली. मला वाटतं, तो बापाचा मुलगा होता, त्याने हिशोब केला. पण हिशोब केला म्हणून माया खोटी असते, असं मला नाही वाटत. संशयी माणसाची माया हिशोबाच्या वाटेनेच येते, उशिरा येते, पण येते.

मायलोने वाटीत बोटं घातली आणि पहिला घास स्वतःच खाल्ला. सावकाश चावला, गिळला. बापाला वाट बघायला लावली. मग दुसरा घास उचलून त्याच्या तोंडापुढे धरला. "मी खाल्लंय," तो म्हणाला. "बघ, मला काही झालं नाही. आता तू खा."

रेमंडने तोंड उघडलं. बाप मेल्यापासून त्याने नोकरांचं उष्टं खाल्लं होतं, पण कुणी स्वतःच्या हाताने भरवलेलं हे पहिलंच. डोनखा उठून बाहेर गेला, आणि साइव्ह गेल्यापासून न रडलेला तो माणूस गोठ्यात जाऊन रडला, असं सांगतात.

रेमंड पुढे पलीकडेच राहिला, डोनखाच्या जमिनीवरच्या एका झोपडीत. बुरुजात डब्लिनने दुसरे सरदार आणून बसवले, पण त्यातल्या एकाचंही नाव गावात कुणाला आठवत नाही. दोन्ही काठांची मुलं एकमेकांच्या घरी वाढायला जाऊ लागली आणि गुरं चोरणं आपोआप थांबलं. आपलंच पोर ज्याच्या गोठ्यात झोपलंय त्याची गुरं कोण वळवणार? रेमंड म्हातारा होईपर्यंत घराघरांत पहिला घास घेत हिंडला. पाय थकले तेव्हा मायलो त्याला धरून न्यायचा. तो वारला तेव्हा त्याला साइव्हच्या पायाशी पुरलं. हे डोनखाने सांगून ठेवलं होतं की मायलोने मागून घेतलं, याबद्दल पुन्हा दोन तट आहेत.

आजही क्लोनारात मुलाच्या ताटातला पहिला घास मोठ्यांचा असतो. फक्त मे महिना लागायच्या आदल्या संध्याकाळी तसं होत नाही. त्या संध्याकाळी कुणीही मोठं माणूस पुढे येत नाही. मूल पहिला घास आपण खातं, सावकाश गिळतं, आणि दुसरा घास मोठ्यांतल्या एकापुढे धरतं. ज्याच्यापुढे तो येईल त्याने तो न बघता, न विचारता खायचा असतो. दरवर्षी कुणा ना कुणाचं पोर माझ्यापुढे हात करतं. त्याची बोटं चिकट असतात, त्याने त्या हाताने कशाकशाला हात लावला असेल देव जाणे, आणि माझी नजर आधी त्या घासावरच जाते. मग मी डोळे मिटते आणि तोंड उघडते.